अर्धा आटा मागे

मंगळवार, ९ मार्च

प्रिय धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वहिनीला नमस्कार सांग आणि चिमणीचा एक पापा घे. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण हातातला रंधा काही सुटत नाही. तुझे दाजी पेपर आणि चहा यांच्यामध्ये सुखी आहेत. झाली खुशाली! आता खरी बातमी ऐक. आपल्या पिकअपला टर्बो बसला!

हो, आपल्याच. त्याच निळ्या खटाऱ्याला. शनिवारी दुपारी चालू केली, तर आधी नेहमीसारखी खोकली, थरथरली, आणि मी पाय दाबला तशी आतून बारीक शीळ आली. मी गाडीतून उडीच मारली रे. पन्नाशी उलटलेली बाई अंगणात नाचताना बघून शेजारचा टेलर शिवणयंत्र सोडून बाहेर आला. त्याला वाटलं, मला विंचू चावला.

फोनवर हे सांगता आलं असतं, मला कळतं. पण फोनवर तू "बरं" म्हणतोस, मी "बरं" म्हणते आणि आपण ठेवतो. म्हणून पत्र.

टर्बो जुनाच आहे, भंगारात गेलेल्या एका ट्रकचा, पण त्याचा पंखा बोटाने टिचकी मारली की गरगर फिरतो. त्याला तेल न्यायची नळी सोपी होती. तेल परत आणायची नळी मात्र जीव खाऊन गेली. लेथवाल्याने तीनदा जोड करून दिला आणि तिन्ही वेळा गळला. चौथ्यांदा तो म्हणाला, "ताई, आता गळला तर मी लेथ विकून भाजी विकतो." नाही गळला. अजून लेथवरच आहे बिचारा.

आणि एवढंच नाही. वर्षभरात गाडीची मी अशी काही हौस केली आहे की तू ओळखणार नाहीस. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. आता पाय ठेवला की थांबते. पूर्वी कसं, ब्रेक दाबायचा आणि वाट बघायची! मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पान घातलं. कपाटं भरली तरी हौदा बसत नाही. हीटर प्लग चारही नवे आहेत, थंडीत पहिल्या किल्लीला उठते. स्टिअरिंग हलकं करून घेतलं. माझे खांदे तुला दुवा... तुला कशाला, मलाच दुवा देतात. तुझे दाजी म्हणाले, "माझ्याकडे कधी इतकं टक लावून पाहिलं नाहीस." मी म्हटलं, तुम्हाला कुठे बॉनेट आहे?

एकच काम राहिलं आहे. पंप.

तुला मी काय सांगू, तुझा तर धंदाच तो. टर्बो हवा कोंबतो, पण पंप जुन्याच मापाने डिझेल देतोय. त्यामुळे शीळ येते, जोर येत नाही. इथला मिस्त्री दोनदा येऊन गेला. म्हणाला, "डिझेलचा स्क्रू थोडा आत घेतो, पाच मिनिटांचं काम." मी त्याला चहा पाजून परत पाठवला. त्या स्क्रूला मी कुणाला हात लावू देत नाही. का देत नाही, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले, आणि बघ, दोन पानं डिस्क ब्रेकवर घालवली.

तर ऐक. टर्बो बसवायला काल हवेचा पाइप काढला, म्हणजे फिल्टरच्या डब्यापासून इंजिनपर्यंत जाणारा तो रबरी पाइप. त्याच्या वळणात एक फडकं सापडलं. पिवळं, काळं पडलेलं, पण एका कडेला पिवळं.

तुला बाबांचा नियम आठवतच असेल. इंजिनचं तोंड उघडं ठेवायचं नाही, फडकं कोंबायचं, नट आत पडला तर इंजिन गेलं. तू तुझा जुना बनियन वापरायचास. माझ्याकडे माझ्या पिवळ्या कुर्त्याचे तुकडे असायचे. त्या दिवशी पंप आणि त्याचा स्क्रू तू लावलास आणि हवेची बाजू मी केली. पाइप परत जोडताना फडकं काढायचं मी विसरले.

त्या दिवशी म्हणजे कुठल्या, हे तुला सांगायला नको. शाळेची चाळीस बाकं लादून निघालो होतो आणि चढाच्या मध्यावर गाडी काळा धूर ओकत बसली. शाळेच्या शिपायांनी बाकं डोक्यावरून वर नेली. हेडमास्तर बाबांना नको ते बोलले, आणि बाबा ते सगळं तुझ्यावर ओतून मोकळे झाले. "ज्याला स्क्रू कळत नाही त्याने माझ्या गाडीला हात लावायचा नाही." सगळ्यांसमोर. तू बावीस वर्षांचा होतास.

तू एवढंच म्हणाला होतास, "ताई, डिझेल जास्त झालं तरी काळा धूर येतो आणि हवा कमी पडली तरी काळाच येतो. एकदा हवेकडे बघ." आणि मी काय म्हटलं? "हवा मी बघितली आहे." बघितली नव्हती रे. फिल्टर नवा होता एवढं मला ठाऊक होतं. पण तू धाकटा, तू मला शिकवणार, हे त्या क्षणी माझ्या नाकाला झोंबलं.

आठवड्यात तू बॅग भरून गेलास. तू गेल्यावर मी तुझा स्क्रू अर्धा आटा मागे घेतला. धूर गेला. हवा कमी होती, मी डिझेलही कमी केलं, मग धूर जाणारच! बाबा म्हणाले, "बघ, पोराने जास्तच सोडलं होतं." मी मान हलवली. त्यानंतर गाडी सायकलच्या मागे राहायला लागली आणि आम्ही म्हणत राहिलो, जुनी झाली, चालायचंच. फिल्टर दरवर्षी बदलला. पण त्याच्या पुढचा पाइप चांगला असताना कोण काढतं?

आता हे वर "काल" लिहिलंय ना, ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे, तुला दिसायला हवं. फडकं काल नाही सापडलं, मागच्या वर्षी मार्चमध्ये सापडलं. पाइपला चीर गेली होती म्हणून काढला, आणि ते माझ्या हातात आलं. मी जमिनीवर बसले. मग उठले, नवा पाइप जोडला आणि कुणाला काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी तुला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय धाकट्यास"च्या पुढे हात चालेना. दुसऱ्या दिवशी उठून ब्रेकच्या मागे लागले. ब्रेक झाले, पुन्हा कागद घेतला, मग पाट्यांच्या मागे लागले. मग स्टिअरिंग. वर्षभर लोक म्हणतात, बाईला गाडीचं वेड लागलंय. वेड कसलं, पळ काढत होते. शेवटी टर्बो बसवला आणि पंपाशी येऊन अडकले. आता गाडीत पळून जायला दुसरं कामच उरलं नाही.

पण शपथेवर सांगते, शनिवारचा आनंद खरा होता. ती शीळ ऐकून पहिलं मनात आलं ते हेच, की हे धाकट्याला ऐकवायचं.

आज सकाळी बाबांना सांगितलं. ते टेबलाचा पाय तासत होते. फडकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी रंधा बाजूला ठेवला. फडकं उलटसुलट करून विचारलं, "केव्हा सापडलं?"

"मागच्या वर्षी."

म्हणाले, "दहा वर्षं आपल्याला ठाऊक नव्हतं. ती चूक, तुझी आणि माझी. पण हे एक वर्ष तुला ठाऊक होतं. त्या वर्षाला काय म्हणायचं ते तूच धाकट्याला लिही." आणि मग डोळे पुसायला आत गेले. मला वाटलं, आता दिवसभर बाहेर येत नाहीत. तर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर! "चल, निघू." मी म्हटलं, बाबा, आधी पत्र तर जाऊ दे, असं कुणाच्या दारात धडकतात का? तेव्हा कुठे बसले. त्यांना स्वतःला तुझ्याशी काहीतरी बोलायचं आहे. काय, ते लिहायचं नाही असं बजावलंय. ते तुझ्यासमोर उभे राहून बोलणार आहेत.

त्या वर्षाला काय म्हणायचं, ते मी लिहिते. लबाडी. फडकं राहिलं ती चूक होती, पण ते सापडल्यावर तोंड मिटून बसले, ती लबाडी. तू माझ्या दारात यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. म्हणून आम्हीच येतो. हा नाही, पुढच्या रविवारी सकाळी, बाबा आणि मी, याच गाडीने. तुझ्या गावाआधीचा तो मोठा चढ ती रडतखडत चढेल, पंप मी होता तसाच ठेवलाय. स्क्रू पुढे घ्यायचा तर तुझ्या हाताने, आणि मी शेजारी उभी राहून, तोंड बंद ठेवून बघेन.

तुला नको असेल, तर वर्कशॉपचं शटर बंद ठेव. आम्ही रस्त्यावरूनच बघू, हॉर्न न वाजवता गाडी वळवू, आणि तुला एका शब्दाने दोष देणार नाही. बाबांची समजूत मी घालेन.

पण उघडं असलं तर, धाकट्या, लवकर उघड. आम्ही फार लवकर पोचू. बाबांना दम नाही, आणि मलाही नाही.

त्या दिवशी हवा न बघितलेली,
तुझी ताई