डॉ. नक्षत्रसेनचं गाळलेलं प्रकरण

रावेर, २० मे १९८८

तीर्थरूप सुकदेवनाना यांच्या चरणी भाचा कौतिक याचा दंडवत. आपला गुडघा आता धुळ्याच्या छापखान्याचा जिना चढू देतो का? मामींचा दमा कसा आहे? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझं डोकं सोडून.

नाना, मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मंत्रतंत्राची टिंगल करावी म्हणून तुमच्या साप्ताहिकात मंगळावरची कथा लिहिली. तिचा नायक डॉ. नक्षत्रसेन यानात बसण्याआधी डोक्यावर घमेलं पालथं घालतो, दहापासून उलटे आकडे म्हणतो आणि शून्याला डावा पाय आपटतो. शेवटच्या प्रकरणात कळतं, की यान नाही, मंगळ नाही, हा गृहस्थ वेड्यांच्या इस्पितळात खाटेवर बसला आहे. नेमकं तेच प्रकरण गाळून तुम्ही पाइपांची जाहिरात छापलीत. (पाइप चांगले असतील, त्याबद्दल तक्रार नाही.)

परिणाम असा, की रावेरच्या लेखी नक्षत्रसेन अजून मंगळावरच आहे. केळी भरणाऱ्या मजुरांनी एकदा गंमत म्हणून आकडे मोजले आणि योगायोगाने तो ट्रक दिल्लीला वेळेत पोहोचला. झालं. आता नारळ फुटतो, घमेल्याला कुंकू लागतं, दहा ते शून्य गजर होतो, मगच ड्रायव्हर चावी फिरवतो. (एकदा सातानंतर पाच म्हटलं गेलं, तर सगळा माल उतरवून पुन्हा भरला.) आमच्या मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेचं उद्घाटनही तसंच केलं, आणि पाय मला आपटायला लावला. या मजुरांचा मुकादम अभिमन अमळनेरकडचा. त्याला हात जोडून सांगितलं, की बाबा रे, तो नायक वेडा आहे. माझी कीव करत तो म्हणाला, "येडा माणूस मंगळवर जाई का, मास्तर? त्यानी बठ्ठासले वाचाडेल शे." (सगळ्यांना वाचवलं आहे म्हणे!)

मी आता कोणत्या तोंडाने गुरुत्वाकर्षण शिकवू? सोबत शेवटचं प्रकरण पुन्हा पाठवतो आहे. येत्या अंकात पहिल्या पानावर छापा, जाहिरात असो वा नसो.

आपला आज्ञाधारक (आणि संतापलेला),
कौतिक

ता. क. माझी केळी कापणीला आली आहे आणि रोज दुपारी वादळ उठतं आहे. घड उतरवायला अभिमनचीच टोळी लागते. तेव्हा प्रकरण कापणीनंतर छापलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा, २३ मे. पत्र टाकायचं राहिलं होतं. काल वारा सुटला. शेजारच्या पंडितभाऊंची बाग आडवी झाली, माझी उभी राहिली. मी झाडांना बांबूचे टेकू दिले होते, हे त्याचं शास्त्रीय कारण. टेकू पंडितभाऊंनीही दिले होते. मी बांधावर घमेलं घालून उभा होतो, हे तुमच्या भाचेसुनेने पाहिलं आहे, पण तिला काही विचारू नका. तीनवर आलो तेव्हाच वारा पडला, तरी मी शून्यापर्यंत मोजलं. प्रकरण पाकिटातून काढून घेतलं आहे.