पाठकोरी पानं

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

पुन्हा नकार! पुण्यातली ही सातवी फर्म. "आपल्या दिवाणी अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु —" त्या 'परंतु'च्या पुढे मी आता वाचतच नाही.

मुलाखत घेणारी मुलगी तिशीचीसुद्धा नसेल. "मॅडम, अठ्ठावीस वर्षं वाटपाचे दावे चालवले, मग एकदम डेटा प्रायव्हसी कशी?"

काय सांगणार होते? अठ्ठावीस वर्षं बारामतीच्या कोर्टात मी लोकांची घरं उघडी केली. कोणाची सून नांदत नाही, कोणाचा भाऊ पितो — सगळं मोठ्याने वाचायचं, मागे बाकांवर अर्धं गाव बसलेलं. आता उरलेल्या वर्षांत काहीतरी झाकायचं काम करावंसं वाटतं. एवढंच. पण ते तिला इंग्रजीत सांगवेना. म्हटलं, "नवा कायदा, नव्या संधी." शी!

गुरुवार, ५ फेब्रुवारी

वृषाली, माझी ज्युनियर, म्हणाली, "मॅडम, तुमचं ते डेटा प्रायव्हसीचं ऑनलाइन सर्टिफिकेट फ्रेम करून लावू या की. पक्षकारांना वाटंल, डिग्री वाढली." टोमणा होता की माया, कळलं नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आठव्या फर्मने काम दिलंय! चाचणी म्हणून. त्यांची पक्षकार एक डेअरी आहे. दूध घालणाऱ्यांची कोणती माहिती घेतो, कशासाठी, ती पुसून टाका म्हणायचा हक्क कसा वापरायचा — हे शेतकऱ्यांना समजेल अशा मराठीत लिहायचं. "हाताने लिहून स्कॅन केलं तरी चालेल." जमलं तर नोकरी पक्की.

दिवसभर लिहिलं. बोर्डिंगमध्ये पानाची एक बाजू जरी कोरी सोडली, तरी सिस्टर ॲग्नेस नवी वही देत नसत. निळी शाई, त्यांच्या पांढऱ्या बाह्या, खिडकीतलं ते सिल्व्हर ओकचं झाड... पन्नास वर्षं होतील. सवय गेली नाही. ऑफिसात बिघडलेल्या प्रिंटचा गठ्ठा ठेवते आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवरच लिहिते. आज चार पानं अशी उतरली, की पुन्हा उतरवून काढायला मन होईना. तीच नव्या स्कॅनरमध्ये सरकवली. पाठवलीही — स्वतः! वृषालीला हात लावू दिला नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आवडलं त्यांना! सकाळीच सणसर गावच्या दूध केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय, लोकांना समजतं का पाहायला. आरशात पाहून हसले. अठ्ठावन्न वर्षांची बाई!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

वृषालीने सहज ती फाइल उघडली. "मॅडम, पानं चार होती ना? हितं आठ दिसतायत."

स्कॅनर दोन्ही बाजू घेतो. तीन पाठींवर किरकोळ मजकूर. चौथीवर द्वारकाबाईंचा अर्ज.

द्वारकाबाई सणसरच्याच. भावाविरुद्ध वडिलांच्या जमिनीतला हिस्सा मागतायत. सुनावणी लवकर लागावी म्हणून मी डिसेंबरात अर्ज तयार केला होता. नाव, गाव, आधार नंबर — आणि कारण. कर्करोग, तिसरी स्टेज. वाचून दाखवला तेव्हा त्यांनी कागदावर पालथा हात ठेवला. "वकीलबाई, ह्यो न्हाय द्यायचा. तारीख लागू दे उशिरा. ज्ञानेशला ठावं न्हाय अजून." ज्ञानेश, एकुलता एक मुलगा.

अर्ज रद्द केला. रद्द कागद कुठे जातो? गठ्ठ्यात. माझ्याकडे कागद फाडत नाहीत!

पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. मागच्या बाजू त्यांनीही रद्दी समजून सोडून दिल्या होत्या. "आम्ही फाइल डिलीट केली आहे. तुमच्याबरोबर पुढे जाता येणार नाही, मॅडम. तुम्ही समजू शकता." समजू शकते. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

केंद्रावरच्या दादासोंनी ग्रुपवरून काढलं. "आवो बाई, लोकं पुढची पानं वाचत न्हाईत, मागची कोन वाचतंय!" पण दोन दिवस होतं तिथे. साठ जणांचा ग्रुप. ज्ञानेश तिथेच दूध घालतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सणसरला गेले. ज्याची माहिती फुटली त्याला सांगा — सर्टिफिकेटच्या परीक्षेत याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते मला! एसटीत वाक्यं जुळवत बसले. एकही कामी आलं नाही.

द्वारकाबाई गोठ्यात होत्या. वाळल्यात फार. सगळं ऐकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमच्याकडं दिलं म्हंजी पेटीत ठिवलं, असं वाटलं व्हतं मला."

मग एकच प्रश्न. "ज्ञानेशनं वाचलं का?"

"माहीत नाही."

"मग बघा, आन् मला सांगा. वैशाखात लगीन हाय त्याचं. तवर मला आजारी दिसायचं न्हाय." आणि वर चहा केला माझ्यासाठी!

सोमवार, १६ फेब्रुवारी

सर्टिफिकेट खणात टाकलं. मी आणि वृषाली दुपारभर तो गठ्ठा फाडत होतो. प्रत्येक पाठीवर कोणाचं तरी घर. "आधीची रद्दी कुठं गेली असंल, मॅडम?" भेळवाल्याकडे गेली, माहीत आहे मला.

कोणत्या तोंडाने मी दुसऱ्यांची गुपितं राखायला निघाले होते?

आणि ज्ञानेशला विचारू कसं? विचारलं की कळलंच त्याला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

द्वारकाबाईंचे दोन फोन. उचलले नाहीत. भित्री!

बुधवार, १८ फेब्रुवारी

ज्ञानेशच आला. बस म्हटलं तर बसला नाही. "मॅडम, तुमी घरी येऊन गेलाय म्हंजी आई इचारती आसंल तुमाला. तिला सांगा, त्यानं ग्रुप उघडलाच न्हाय म्हनून." नखाने टेबलाची कड खरवडत होता. "वाटू द्या तिला, लपलंय म्हनून."

तो गेल्यावर द्वारकाबाईंना फोन लावला.

"न्हाय वाचलं? पक्कं?"

"पक्कं."