नळीचा गंज आणि मेव्हणा रैनो

मी, वैक्को पेल्कोनेन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार तामाला, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायची हिंमत फक्त बायकोत होती, ती गेली.

१. घर आणि अंगणातले वाफेचे न्हाणीघर, म्हणजे आमची सौना, मुलगी लेम्पी हिला. दर शनिवारी सौना तापलीच पाहिजे, मग कुणी येवो न येवो.

२. लेथ आणि इतर हत्यारे नेमबाजी क्लबाला. अध्यक्षांनी हात लावू नये. त्यांना खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही.

३. वडिलांची फौजी बंदूक. तिची झिजलेली नळी काढून नवी बसवण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. मग फौजेच्या शिलकी काडतुसांचा सर्वांत स्वस्त डबा आणला. असल्या जुन्या मालात खार असतो. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुतली नाही तर गंजते. खार आहे का हे पाहायला काडतुसाचा धूर साफ खिळ्यावर घेऊन खिळा ठेवून देतात; गंजला तर खार आहे. मी तो स्वयंपाकघरातल्या चुलीवरच्या फळीवर ठेवला. गंज आला नाही. म्हणून बायकोचा भाऊ रैनो बंदूक उसनी न्यायला आला तेव्हा सांगितले, "धुवायची भानगड नको, नुसतं तेलानं पूस."

महिन्याभरात नळी लाल झाली. जूनमधल्या उन्हाळी सणाच्या जाळाभोवती जमलेल्या अख्ख्या गावादेखत मी त्याला आळशी बैल म्हटले.

"तू सांगितलंस तेच केलं मी!"

"मग नळीला काय स्वप्न पडलं गंजायचं?"

नऊ वर्षे तो सौनाला आला नाही. नळी मी पुन्हा बदलली. मेव्हणा बदलून मिळत नाही.

या वसंतात त्याच डब्यातल्या काडतुसाचा धूर नव्या खिळ्यावर घेऊन तो खिडकीत ठेवला. तीन दिवसांत लालभडक. पहिला खिळा चुलीच्या कोरड्या उबेत सात जन्मांतही गंजला नसता. सगळ्या क्लबाला अक्कल शिकवणारा तो मीच. सबब बंदूक आणि पाण्याची किटली रैनोला.

४. हे वाचून लेम्पी म्हणाली, "बाबा, मेल्यावर माफी मागणार? मग मामांनी ओरडायचं कुणावर?" आणि तिने फोन लावला.

रैनो आला. टोपी न काढता कलम तीन दोनदा वाचले. मला फार लाज वाटली. मी म्हणालो, "चूक माझी होती."

"परत म्हण."

म्हणालो.

"बंदूक लेम्पीला दे. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नाही, असं वकील म्हणतात. आणि वैक्को पेल्कोनेननं चूक कबूल केली, याला साक्षीदार मीच होणार!"

सबब बंदूक व किटली लेम्पीला. आज शनिवार आहे, सौना तापली आहे, म्हणून येथेच थांबतो.

तामाला, १४ ऑक्टोबर १९९५
(सही) वैक्को पेल्कोनेन

साक्षीदार:
१. मार्टा सार्वी, शेजारीण
२. रैनो हालोनेन, मेव्हणा. स्वतःच्या कानांनी ऐकले, दोनदा.