कोपऱ्यावरचं हळदकुंकू

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते आणि मला रडू आलं नव्हतं. शाळेला सुट्टी मिळाली, एवढंच आठवतं. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे ते आठवण आली म्हणून नाही. तुमच्या एका नियमामुळे माझं कित्येक आठवड्यांचं काम चुकलं. जिच्यामुळे चुकलं तिलाच ते सांगावं, म्हणून लिहिते.

मी आता पुण्यातल्या एका संस्थेत संख्याशास्त्राचं काम करते. तुमची मुलगी पिंपरीला असते. तिचे यजमान तिथल्या नव्या कारखान्यात अधिकारी आहेत. तिनं चार बायका जमवून मंडळ काढलं आहे आणि तुमच्या नावानं गोरगरिबांना जुने कपडे फुकट वाटायचं ठरवलं आहे. पिंपरीतच फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावणीबाहेर जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. छावणीतली माणसं पुण्यातून जुने कपडे गोळा करतात, धुतात, सांधतात आणि रस्त्याकडेला दोऱ्या बांधून विकतात. मोशी, पिंपळे गुरव, सगळीकडून बायका तिथे येतात. तुमच्या मुलीला तो बाजार डोळ्यांसमोर नको आहे. "फुकट मिळायला लागलं की विकत कोण घेईल? उकिरडा आपोआप उठेल. नाही उठला तर पोलिसांकरवी उठवू," ती म्हणाली. त्याआधी लोक जुनं का घेतात याची पाहणी तिनं आमच्या संस्थेकडे मागितली आणि ते काम माझ्याकडे आलं. तिनं मला ओळखलं नाही. तिचा परकर मी दोन वर्षं घातला होता, पण तेव्हाही तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

सरळ विचारून उपयोग नाही हे लवकरच कळलं. "जुने कपडे घेता का?" म्हटलं की प्रत्येक घरातून एकच उत्तर, "न्हाई बा, आमी न्हाई घेत." म्हणून मी तो प्रश्न सोडला आणि अंगणात वलणीवर वाळत घातलेले कपडे बघू लागले. नवा कपडा अंगाला लावण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर हळदकुंकवाचं बोट लावतात. धुतल्यावरही पिवळट डाग मागे राहतो. डाग असेल तर कपडा नवा, नसेल तर जुना. ही खूण माझी मला सुचली होती आणि मी तिच्यावर खूश होते. पण हिशेब जुळेना. बाजारात एवढी झुंबड आणि घरोघरी सगळे कपडे नवेच कसे? शेवटी मोशीत एका अंगणात माझा धीर सुटला. तिथली बाई शेंगा फोडत बसली होती. नवरा कारखान्याच्या बांधकामावर जायचा. तिला त्या बाजारात हिरवं लुगडं घेताना मी स्वतः पाहिलं होतं. तेच लुगडं वलणीवर होतं आणि त्याच्या पदराला पिवळा डाग.

"हे बाजारातलं ना? म्हणजे जुनं."

"जुनं कसं? नवंच हाय की."

"दुसरं कुणीतरी नेसलं असेल ना आधी?"

"नेसली आसंल येखादी. मी इकत आनलं, उकळत्या पान्यातनं काढलं, देवापुढं ठिवून हळदकुकू लावलं. आता कुनाचं हाय, तुमीच सांगा." मग ती हसली. "तुमी शिकलेल्या बाया लुगड्याला बी जात इचाराल!"

"आणि कुणी फुकट दिलं तर?"

"घ्यू की. पर त्याला हळदकुकू लावाया हात न्हाई व्हनार."

यातलं मला नवं काहीच नव्हतं. शाळेतला तो दिवस आहे. मला पुढे बोलावून तुम्ही मुलीचा परकर माझ्या हातात ठेवता. सगळा वर्ग बघतो आहे. "आभार मानायचे असतात," तुम्ही म्हणता आणि मी मानते. घरी आई त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावते. परकर नवाच आहे, असं तिला मला सांगायचं असतं. दुसऱ्या दिवशी तुमची नजर नेमकी त्या कोपऱ्यावर जाते. "हे काय? वापरलेल्या कपड्याला कुंकू लावत नाहीत. आईला एवढंही कळू नये?" आणि मधल्या सुट्टीत तुम्ही मला नळावर पाठवता. हळदीला साबण लागला की ती लाल होते. त्याचं कारण मी पुढे रसायनशास्त्रात शिकले, पण त्या दिवशी मी घाबरून घासतच राहिले. मग ओल्या परकरात शाळा सुटेपर्यंत बसले. तुम्ही दयाळू होता असं सगळे म्हणतात. तुम्ही दिलेली वस्तू तुमच्या हातून कधी सुटत नसे, एवढंच मला माहीत आहे. आणि तुमचा तो नियम मी इतका पक्का पाठ केला की वाढून, शिकून, त्याच्यावरच माझी पाहणी उभी केली.

मी सगळी घरं पुन्हा फिरले. विकत घेतलेलं जुनं आपलं होऊन जातं, म्हणून लोक त्या बाजारात जातात, फुकट वाटल्यानं त्यांची गरज भागणार नाही, असं अहवालात लिहिलं. तुमच्या मुलीनं तो वाचून बाजूला सारला. "गरिबी म्हणून घेतात एवढं लिहा ना सरळ! त्यांना कसली आलीये आवडनिवड?" आवाज अगदी तुमचा. मी एक शब्द बदलला नाही. तिनंही बेत बदलला नाही. तुमच्या फोटोला हार घालून वाटप झालं. बायका आल्या, फोटोला नमस्कार केला, कपडे घेतले, आणि पुढच्या आठवड्यात त्यातले बहुतेक बाजारात दोऱ्यांवर लटकत होते.

कुणीतरी तिच्या कानावर घातलं. कपडे ओळखायला तिनं मला बरोबर घेतलं, पण आम्ही बाजारात पोचेपर्यंत ते विकलेही गेले होते. तिनं मोटार गिऱ्हाइकांच्या गावाकडे, मोशीला, घ्यायला लावली. "आमचे कपडे विकले जातात हे सिद्ध झालं की बाजार उठवायला तेवढं पुरे," ती वाटेत म्हणाली. योगायोगानं पहिलंच अंगण त्या शेंगावालीचं.

"या बाईसाहेब! आज मोटारीतनं? आमाला बघाया का लुगडी?"

तुमच्या मुलीनं वलणीकडे बोट केलं. "यातले आमचे कोणते ते सांगा. तुमची नजर तयार आहे."

वाटपाच्या दिवशी यादी करायला मलाच बसवलं होतं, प्रत्येक कपडा माझ्या हातून गेला होता. निळं पातळ मी लांबूनच ओळखलं, त्याच्या शेजारचं पोलकंसुद्धा. शेंगावालीचं हसू थांबलं होतं. मी जवळ जाऊन एकेक कोपरा उलटून पाहिला; प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट होतं.

"हे नवे आहेत," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

ती मोटारीत जाऊन बसली. बाजार अजून भरतो.

हे पत्र तिला पाठवता येईल, पत्ता माझ्याकडे आहे. पण पाठवणार नाही. अंगणातून परत येताना मला फार आनंद झाला होता, आणि बाजार वाचला याचा त्यात थोडाच वाटा होता. बाकीचा आनंद, रिकाम्या हातानं परतली ती तुमची मुलगी आहे, याचा होता.