आमच्या व्याह्यांचे सहा दिवस

जळगाव,
नाताळाच्या आधीचा शनिवार

ती. अक्कास,

धाकट्या मगनचा प्रभूमध्ये सलाम. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजवा विचारत नाही, कारण त्याच्याबद्दल तू मागच्या फोनवर भरपूर सांगितलंस.) पाचोऱ्यात थंडी पडली असेल. तेल चोळत जा आणि चर्चच्या पायऱ्या चढताना दुसऱ्या कोणाचा तरी हात धर. शेजारी असेल ती बाई तुला आवडत नसली तरी धर. इकडे आम्ही सारे सुखरूप आहोत, म्हणजे सगळे अजून एकमेकांशी बोलतो आहोत, आणि परवाचा प्रकार पाहता ही प्रभूचीच कृपा म्हणायची.

तू आपल्या नूतनसाठी धुळ्याचं स्थळ सुचवलंस. मुलगा भूषण, भूजल खात्यात. गावोगाव हिंडून विहिरीला पाणी कुठं लागेल ते सांगतो. वडील सुकदेवभाऊ, धुळ्यात स्वतंत्र मंडळीचे पाळक, लहानसं चर्च सांभाळतात. स्थळ उत्तम, त्यात वाद नाही. पण अक्का, तू त्यांना माझ्याबद्दल फोनवर नेमकं काय सांगितलंस? "माझा भाऊ शाळेत शास्त्र शिकवतो." आपल्या लहानपणी विज्ञानाला शास्त्रच म्हणत, हे मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. पण पाळकाच्या कानाला शास्त्र म्हणजे एकच. त्या भल्या माणसानं समजून घेतलं की मुलीचा बाप जळगावच्या हायस्कुलात पोरांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवतो! धुळ्याहून येताना गाडीत सगळा वेळ ते म्हणे हेच म्हणत होते, की आजच्या काळात असं घर मिळणं म्हणजे प्रार्थनेचं फळ.

मला यातलं काही माहीत नव्हतं. दिपमालाला मात्र बायकांना येतो तसा वास आला होता. (तुझी भावजय भुसावळच्या रेल्वेतल्या कॅथलिक घरची, पाहुण्यांच्या बाबतीत तिचं नाक फार तीक्ष्ण.) तिनं सकाळीच नूतनच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागातली प्लास्टरची कवटी कपाटावर गोधडीखाली ढकलली आणि मला बजावलं, की हवामान, कापसाचा भाव आणि केळीवरचा रोग यापलीकडे बोलायचं नाही. माझ्यावर नजर ठेवायला तिनं दीपनगरहून आपल्या भावाला, समाधानला, बोलावून घेतलं. ही तिची एकमेव चूक. वीज केंद्रात दिवसभर कोळशाच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाला सुटीच्या दिवशी थोडी करमणूक हवी असते, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पाहुणे आले. सुकदेवभाऊ उंच, सावळे, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. सुनंदाबाई ठेंगण्या, हसऱ्या, बोलणं अस्सल खानदेशी. भूषण वडिलांच्या मागे उभा, नूतनकडे न पाहता फक्त तिलाच पाहत. पाणी झालं, चहा झाला. मग सुकदेवभाऊंनी प्रेमानं विचारलं, "सर, आजकालच्या मुलांना पहिला अध्याय नीट समजतो का हो?"

त्यांना बायबलातला सृष्टीच्या उत्पत्तीचा अध्याय म्हणायचा होता, मला वाटलं दहावीचा पहिला धडा. आनुवंशिकता आणि उत्क्रांती. म्हटलं, "तोच सगळ्यात अवघड जातो. पण मी त्याला पंधरा दिवस देतो."

"द्यायलाच हवेत," ते गहिवरून म्हणाले. "सगळा पाया तिथंच आहे."

"अगदी! तो एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं जीवसृष्टीचं कोडं उलगडतं."

"आमेन!" सुकदेवभाऊ म्हणाले. समाधान खोकायला लागला. दिपमालानं मला स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली, पण अक्का, तीस वर्षांत माझ्या धड्याला कोणी आमेन म्हटलं नव्हतं. मी भरात आलो आणि घोड्याच्या पायाच्या बोटांबद्दल सांगू लागलो. की आधी त्याला बोटं जास्त होती, मग लाखो वर्षांत झिजत झिजत एक खूर उरला. सुकदेवभाऊंचा चेहरा हळूहळू मिटत गेला, जशी लाजाळूची पानं मिटतात. "घोडा," ते म्हणाले, "घोडाच होता ना, सर?" तेवढ्यात दिपमालानं ताटं वाढल्याचं जाहीर केलं.

ताटात भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, कांद्याची पात. प्रार्थना अर्थातच पाळकांनी करायची. त्यांनी डोळे मिटले, वांग्याबद्दल आभार मानले, वांगं भाजणाऱ्या हातांबद्दल मानले, आणि तिथून न थांबता थेट पहिल्या माणसाकडे गेले. "हे प्रभू, तू सहा दिवसांत सगळं केलंस, संध्याकाळ आणि सकाळ असलेल्या खऱ्या सहा दिवसांत, आणि आमचा बाप मातीचा होता, माकड नव्हता, या घरातल्या लेकरांना त्या खोट्या शिकवणुकीपासून राख." आता तूच सांग, प्रार्थनेत कोणाला अडवायचं कसं? हरकत घ्यायची तर डोळे उघडावे लागतात. सगळे आमेन म्हणतात न म्हणतात तोच समाधाननं डोळे मिटूनच सुरुवात केली. "आणि हे प्रभू, आमच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला मोकळीक दिली याबद्दलही तुझे आभार. शरीर कितीही लांबच्या वाटेनं आलेलं असो, आत्मा मात्र तू स्वतः घालतोस, एवढं मानलं की कॅथलिक माणूस उत्क्रांतीला घाबरत नाही."

मी गप्प बसणार होतो. शपथ घेऊन सांगतो (शपथ घेऊ नये हे मला माहीत आहे). पण आपल्या प्रॉटेस्टंट मिशनच्या मंडळीची बाजू कोणीतरी मांडायलाच हवी होती. मी म्हणालो, "हे प्रभू, घडवणारा तूच. हळूहळू घडवलंस तरी तूच. कुंभाराला किती वेळ लागला, हे मडक्यानं सांगू नये." मला माझं वाक्य आवडलं. पण लगेच समोरून सुकदेवभाऊंची दुसरी प्रार्थना सुरू झाली, "हे प्रभू, मडकं पहिल्यापासून मडकंच होतं!" समाधान पुन्हा श्वास घेत होता. मी बेडकाच्या पिल्लाला असलेल्या शेपटीबद्दल आभार मानायच्या तयारीत होतो. तेवढ्यात सुनंदाबाईंचा आवाज आला, "प्रभू, बठ्ठं थंड व्हई राहिनं. आमेन." आणि सगळं गार होण्याआधी भाकरी मोडल्याचा आवाज आला. अक्का, त्या आमेनइतकं एकमतानं म्हटलेलं आमेन मी आजवर ऐकलेलं नाही.

जेवताना त्या बाईंनी आपलं मतही सांगून टाकलं. त्यांचं म्हणणं असं, की हे "दहा मिनिटांत येतो" म्हणून प्रार्थना-सभेला जातात आणि दिवेलागणीला उगवतात. माणसाच्या दहा मिनिटांची ही गत, तर देवाचा एक दिवस केवढा असेल, ते कोणी मोजायचं? म्हणजे सहा दिवस खरे, पण एकेक दिवस युगाएवढा. हेही मत मानणारे पुष्कळ ख्रिस्ती लोक आहेत, पण ते नवऱ्याच्या अनुभवावरून काढणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. सुकदेवभाऊंनी मान खाली घालून ठेचा खाल्ला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण जेवणानंतर नूतननं केळी आणली. सुकदेवभाऊ जरा सावरले होते. म्हणाले, बघा, तिसऱ्या दिवशी देवानं फळझाडं केली, ज्याचं बी त्याच्याच पोटात, आपापल्या जातीप्रमाणे. नूतननं अतिशय नम्रपणे केळं सोलून त्यांच्या हातात दिलं. "काका, याच्यातलं बी दाखवता का?"

(तुझी भाची. माझ्यावर गेली म्हणतेस, पण असा नम्रपणा माझ्यात नाही. तो थेट तुझा आहे.)

सगळ्या जळगाव जिल्ह्याचं पोट ज्याच्यावर चालतं, त्या फळात पेरण्याजोगं बी नाही! सुकदेवभाऊंनी केळं मोडून पाहिलं. नूतननं सांगितलं की रानकेळीत दगडासारख्या बिया असतात. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या बिनबियांची निवडली आणि मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारे कोंब, लावत आणली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे कोणीतरी निवडली. आपोआप नाही झाली." नूतन हसली. "हे मात्र तुम्ही चांगलं पकडलंत, काका. उत्तर आहे माझ्याकडे, पण ते लांब आहे." "लांबच असणार," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या मिशीत हसू दिसलं. मला वाटलं, जमलं.

आणि इथं समाधाननं काडी टाकली. भूषणकडे वळून म्हणाला, "जावईबापू, तुम्ही तर जमिनीखालचे जाणकार. खाली गाळ आणि त्याच्याखाली काळा खडक. तो किती वर्षांचा असेल हो?"

भूषणनं वडिलांकडे पाहिलं. त्याला हसून टाळता आलं असतं. मी असतो तर टाळलं असतं. पोरगा म्हणाला, "साडेसहा कोटींच्या आसपास."

"कोटी काय?" सुकदेवभाऊंनी विचारलं.

"वर्षं, आबा."

"हे तू केव्हापासून मानतोस?"

"कॉलेजपासून."

"आणि रविवारी मंडळीत ढोलकी वाजवतोस, ती?"

"तीही मनापासून वाजवतो, आबा. दोन्ही मनापासून. तुम्हाला दुखवायचं नव्हतं, म्हणून बोललो नाही. पण या घरात खोटं सांगून सुरुवात करायची नाही मला."

सुकदेवभाऊ उठले आणि चप्पल न घालता अंगणात गेले. नूतनचा चेहरा उतरला. मला तेव्हा कळलं, अक्का, की तिला तो मुलगा आवडला होता, आणि त्या उत्तरामुळे आणखी आवडला होता. सुनंदाबाई एवढंच म्हणाल्या, "पोऱ्या खोटं बोलना नही, हाई चांगलं शे," आणि पदर डोळ्यांना लावला.

मी बाहेर गेलो. ते कुंपणाशी उभे होते. मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार, तोच त्यांनी विचारलं, "सर, प्रभू मेलेल्यांतून उठला हे मानता?"

"मानतो."

"आपणही उठू?"

"उठू."

"मग शेवटच्या पानावर एवढा विश्वास, आणि पहिल्या पानावर का अडखळता?"

म्हटलं, "सुकदेवभाऊ, अडखळत नाही हो. पहिलं पान मी गाण्यासारखं वाचतो, तुम्ही पंचनाम्यासारखं वाचता. पण घडवणाऱ्याचं नाव दोघांच्याही वाचण्यात एकच येतं."

त्यांनी कुंपणाला हात टेकला. मग हळू आवाजात म्हणाले की भूषण कॉलेजला निघाला तेव्हा मंडळीतले लोक म्हणाले होते, शिकला की देव सोडेल. एक पान सुटलं की सगळी शिवण उसवते, अशी त्यांना भीती. इतकी वर्षं ते रोज पहाटे त्याच एका गोष्टीसाठी गुडघे टेकत होते. मी म्हटलं, "पान तर कधीच सुटलं, भाऊ. आणि पोरगा अजून ढोलकी वाजवतो. तुमच्या प्रार्थनेचं उत्तर कधीच आलंय. फक्त तुम्हाला हव्या त्या पाकिटात आलं नाही." त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग त्यांचे डोळे भरले. मग म्हणाले, "पायाला खडे टोचताहेत, आत चला."

आत येऊन त्यांनी सगळ्यांसमोर निर्णय सांगितला. लग्न होईल. खडकाबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. आणि नातवंडांना सहा दिवस ते स्वतः शिकवणार, कोणी मध्ये बोलायचं नाही.

"शिकवा ना, आबा," नूतन म्हणाली. (काकाचे आबा कधी झाले, ते मला कळलं नाही, भूषणला कळलं, कारण तो कानापर्यंत लाल झाला.) "सहा दिवस तुमचे. सातव्या दिवशी मी शिकवीन."

"सातवा दिवस विश्रांतीचा आहे, पोरी."

"म्हणूनच तर वेळ मिळेल."

सुनंदाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. सुकदेवभाऊंनी नूतनच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लहानशी केली, आणि तिच्यात एकही माकड नव्हतं.

तर अक्का, ईस्टरनंतर लग्न. जीवाला जप, औषध चुकवू नकोस. सर्वांना सलाम.

तुझा भाऊ,
मगन

ता. क. – निघताना सुकदेवभाऊंनी विचारलं, "तुमच्या अक्का या बाबतीत काय मानतात?" नर्स म्हणून जन्मभर मिशनच्या दवाखान्यात काम केलेली बाई, त्यांना तुझ्याबद्दल फार आदर. मी म्हणालो, "अक्का? सहा दिवस. एक मिनिट कमी नाही." लग्नात ते तुला शेजारी बसवून घेणार आहेत. तेवढ्यापुरतं मान.

ता. क. २ – समाधाननंही तेच विचारलं. त्याला मी सांगितलं की अक्का मनातून तुमच्याच बाजूची. तोही शेजारी बसणार आहे. दुसऱ्या बाजूला.

ता. क. ३ – हे लिहिताना ध्यानात आलं की जन्मभर तुझ्याशी भांडलो, पण तू खरोखर काय मानतेस हे मी तुला एकदाही विचारलेलं नाही. मनापासून ऐकायचं आहे. पण लग्न लागेपर्यंत कृपा करून कळवू नकोस. नूतनलाही मी तिसरंच काहीतरी सांगून बसलोय.