घंटेवरचं साल

२ मार्च, सोमवार
देवळात गेले. पाडव्याआधीची घासपूस. दोन्ही घंटा चिंचेनं घासल्या. आमच्या घंटेवर शेंदराचं जाड पूट, कुणी कधी खरवडलंच नव्हतं. आकडा तेवढा दिसायचा; आज त्याच्या आधी अक्षरं निघाली. संवत १८३५. पुन्हा पुन्हा वाचलं.
शेजारी वसंतकाकांच्या घराण्याची. शके १७६०. ती उघडीच होती.
मोबाइलवर फोटो काढला.

३ मार्च, मंगळवार
कागदावर मांडलं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, संवतातून सत्तावन्न वजा. त्यांची इ.स. १८३८. आमची १७७८. साठ वर्षांनी आम्ही आधी!
आमची घंटा जबलपूरकडून ओतून आणलेली, आत्या सांगायची. तिकडचा कारागीर संवतच कोरणार. आपल्याकडे सगळे शकवाले, आकडा दिसला की शकच धरला. मोठा आकडा म्हणून आम्ही मागचे.
ज्यांची घंटा आधी, त्यांची पाडव्याची आरती आधी. एका पाडव्याला व.का.ंनी, बाबांच्या भावकीतल्या चुलतभावानं, माईकवर दोन्ही आकडे वाचले आणि बाबांच्या हातातलं तबक काढून घेतलं. "पंच्याहत्तर वर्षं मागून आले तुम्ही. मागंच उभे राहा ना गा." भरला मंडप हसला. बाबा त्यानंतर सतरा वर्षं जगले, पण देवळाची पायरी पुन्हा चढले नाहीत.
मी काही विसरलेले नाही.

७ मार्च, शनिवार
चार दिवस मनात तेच. पाडवा, तोच मंडप, तोच माईक. व.का. पुढच्या खुर्चीत. भाजी करपली दोनदा.
गोड वाटतंय, खोटं कशाला लिहू.

१० मार्च, मंगळवार
राहवलं नाही. व.का.ंकडे जाऊन घंटेचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटांवर मोजलं. आता चेहरा पडेल म्हणून बघत बसले. तर संत्रं सोलत म्हणाले, "असन वं. चूक झाली असन. घ्या ना यंदापासून तुम्ही आरती. मी काय नाही म्हणून राहिलो?"
एवढंच! बाबांची सतरा वर्षं, आणि हे फोडी खात बसलेत.
म्हटलं, माईकवर सांगा. बाबांचं नाव घेऊन.
"ते काहून? घरातल्या घरात मिटते."
"तबक घेतलं तेव्हा घरातल्या घरात नव्हतं घेतलं, काका."
हातातली फोड खाली ठेवली. मग, "बरं. सांगतो." त्यांच्या मुलासमोर, सुधीरसमोर वदवून घेतलं. आता पलटायची सोय नाही.

१४ मार्च, शनिवार
काय बोलायचं ते मीच लिहून दिलं. चार वाक्यं. सुधीर फाटकापर्यंत आला. "म्हातारा माणूस आहे ताई. किती छळून राहिली वं त्याले?"
अजून छळलंच कुठे. परत आत जाऊन पाचवं वाक्य घातलं.

१७ मार्च, मंगळवार
सकाळी सुधीरचा फोन. व.का.ंच्या छातीत दुखलं, धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं. आयसीयू. "आरती तूच कर ताई, आमचं काही म्हणणं नाही."
मला आरती हवी होती असं वाटतं ह्यांना.

१८ मार्च, बुधवार
धंतोलीला जाऊन आले. काचेतून पाहिलं. नळ्या, तोंडाला मास्क. बोलणं बंद. सुधीर रडायला लागला. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, काकांना काही होणार नाही. अगदी मनापासून म्हटलं. ताईचा राग गेला असं वाटलं बिचाऱ्याला.
खिशातून माझा कागद काढून म्हणाला, "तूच वाच ना उद्या, माझ्या बाबाच्या नावानं." नाही. मी वाचलं तर ते माझं बोलणं झालं. लोक म्हणतील, माणूस दवाखान्यात आणि ही बघा. त्यांच्याच तोंडून हवं. उद्या नाही तर पुढच्या पाडव्याला. तोवर तबकाला हात लावायचा की नाही, ते ठरेना.
संध्याकाळी देवीपुढे बसले. व.का.ंसाठी हात जोडायची आयुष्यात ही पहिलीच वेळ. बरं कर त्यांना, म्हटलं. पाय नाही चालले तरी चालतील, खुर्चीतून आणू. आवाज तेवढा ठेव.