सोमवारची गोळी

नलू,
पहिल्या गाडीनं मी यवतमाळच्या दवाखान्यात चालली. तुह्या एचआयव्हीच्या गोळ्यांचं पुस्तक संगं नेलं. तुले ताप होता, म्हणून उठवलं नाही. कापूस वेचणीच्या बायायले उद्या या म्हण.

सोळा सोमवार मीच तुले धरायले लावले, अन् उपासाले गोळी चालत नाही, हेही मीच सांगितलं. मागच्या खेपेले डॉक्टरीणबाईनं “गोळ्या काहून चुकवल्या?” म्हणून विचारलं, तवा तू मान खाली घातली. मी बाजूले बसून जप करत राह्यली. म्हणून तर महिन्याच्या जागी आठवड्याच्याच गोळ्या भेटल्या. आज बाईले खरं सांगीन.

चुलीपाशी भाकर अन् वरण झाकून ठेवलं. आज सोमवार असला तरी पोटभर जेव. गोळी देवघरात पिंडीपाशी ठेवली, ती घे. तुह्ये उरलेले सोमवार मी धरीन.

आई